वसुलाचा हक्क व राज्याचा हक्क

हेग शहरीं आंतरराष्ट्रीय न्यायालयानें सन १९६० च्या एप्रिल महिन्याच्या १२ व्या तारखेस जो एक निकाल दिला, त्यांत 'सरंजाम' हा आपल्या जुन्या दप्तरांतील शब्द आला आहे. वादी पोर्तुगाल, प्रतिवादी भारत, आणि वादाचा विषय दमणच्या पूर्वेस असलेले दादरा व नगर हवेली हे दोन लहानसे मुलूख. पेशव्यांच्या सरकारानें एकशें ऐंशी वर्षांपूर्वीं पोर्तुगीजांस जें दिलें, तें गांवांचें उत्पन्न होतें कीं गांवांवरील राज्य होतें, याचा उलगडा न्यायासनावरील पंधरा न्यायाधीशांस करावा लागला. खटला आतां जुना झाला. परंतु त्यानें उभा केलेला प्रश्न जुना झालेला नाहीं. एखाद्या भूमीवर राज्य करण्याचा हक्क कोणास व कशानें मिळतो? कागदानें, कबजानें, कीं त्या भूमीवर नांदणाऱ्या माणसांच्या संमतीनें? आजही जगांत ठिकठिकाणीं सरहद्दींवरून व बेटांवरून तंटे चालले आहेत आणि प्रत्येक पक्ष जुने नकाशे व जुने तह पुढें करीत आहे. अशा वेळीं आपल्या दारांतल्या या खटल्याचा विचार करणें निरर्थक ठरणार नाहीं.

मूळ हकीकत अशी. सन १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली आणि उत्तर कोंकणांतील पोर्तुगीजांचा अंमल संपुष्टांत आला. दमण व दीव हीं ठाणीं मात्र त्यांच्या हातीं राहिलीं. पुढें चाळीस वर्षांनीं पुणें दरबार इंग्रजांशीं लढण्यांत गुंतला असतां पोर्तुगीजांचा स्नेह राखणें त्यास सोयीचें वाटलें. सवाई माधवराव त्या वेळीं पांच वर्षांचे बालक, आणि कारभार नाना फडणविसांच्या हातीं. १७७९ च्या डिसेंबरांत तह ठरला. त्याच्या सतराव्या कलमान्वयें दमण परगण्यापैकीं सालीना बारा हजार रुपये उत्पन्नाचीं गांवें पोर्तुगीजांकडे लावून द्यावयाचीं होतीं. हें कलम पुढें १७८३ व १७८५ या सालच्या दोन सनदांनीं अमलांत आलें. दादरा व नगर हवेली येथें पोर्तुगीजांचा शिरकाव झाला तो या मार्गानें. तलवारीच्या जोरावर नव्हे.

सरंजाम म्हणजे काय, हें महाराष्ट्रांतील वाचकांस विस्तारानें सांगावयास नको. सरकारनें कोणा सरदारास फौजेच्या खर्चाकरितां अथवा अन्य कारणानें कांहीं गांवांचा वसूल लावून द्यावा. त्यानें तो घ्यावा, परंतु गांव सरकारचेंच राहावें. वतन वंशपरंपरेनें चालावयाचें, सरंजाम सरकारच्या मर्जीवर. वसूल घेणारा हा राजा होत नसे आणि रयतही त्यास राजा समजत नसे. पोर्तुगालच्या वकिलांचें म्हणणें असें कीं, सनदांमध्यें गांवांतील बंड मोडण्याची मुभा आम्हांस दिलेली आहे, त्या अर्थीं राज्यच दिलें. हा युक्तिवाद न्यायालयास पटला नाहीं, आणि तो पटण्याजोगाही नव्हता. कारण, जो खरोखर राजा आहे त्यास आपल्या मुलखांतील बंड मोडण्यास दुसऱ्याची परवानगी कशास हवी? परवानगी दिली गेली यावरूनच देणाऱ्याचें राज्य कायम होतें असें सिद्ध होतें. जहागीर किंवा सरंजाम दिल्यानें सार्वभौमत्व दिलें गेलें, असें एकही उदाहरण न्यायालयापुढें आलें नाहीं. मराठ्यांस मुलूख कायमचा तोडून द्यावयाचा असे तेव्हां ते तसे स्पष्ट शब्द घालीत. या कागदांत ते शब्द नाहींत. सारांश, पेशव्यांनीं वसूल दिला, राज्य दिलें नाहीं, असाच निर्णय झाला.

येथपर्यंत वाचून कोणास वाटेल कीं, मग पोर्तुगालचा दावा मुळांतच कोसळला. परंतु तसें झालें नाहीं, आणि या खटल्यांतील खरा बोध येथेंच आहे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि मराठ्यांच्या जागीं इंग्रज आले. त्यांनीं पाहिलें तों या गांवांत पोर्तुगीज अधिकारी कारभार करीत आहेत. हे कोणत्या हक्कानें येथें बसले, त्यांची सनद काय म्हणते, याची विचारपूस त्यांनीं केली नाहीं. मराठ्यांचे वारस या नात्यानें त्या गांवांवर स्वतःचा हक्कही सांगितला नाहीं. पोर्तुगीजांस तुम्ही राजे आहां असें कोणी लिहून दिलें नाहीं. तुम्ही राजे नाहीं असेंही कोणी म्हटलें नाहीं. अशा मौनांत सवाशें वर्षांहून अधिक काळ लोटला. न्यायालयानें यावरून असा निष्कर्ष काढिला कीं, इंग्रजांनीं प्रत्यक्ष वर्तनानें व अर्थात् पोर्तुगीजांचें सार्वभौमत्व मान्य केलें होतें, आणि पुढें भारतानेंही तें मुकाट्यानें मानिलें होतें.

गांवांत एखादें शेत खंडानें दिलेलें असावें, मालकाचे वारस बदलावे, नव्या वारसानें जुनें दप्तर उघडूंच नये, आणि दोन पिढ्यांनंतर खंडकऱ्याच्या नातवास सर्वांनीं मालक म्हणून रामराम करावा, तसाच हा प्रकार झाला. जो हक्क कागदानें मिळाला नव्हता तो दुसऱ्याच्या बेफिकिरीनें मिळाला. राज्यांच्या व्यवहारांत गप्प बसणें हेंही एक बोलणेंच असतें, ही गोष्ट आमच्या मुत्सद्द्यांनीं व आमच्या दप्तरदारांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

असो. १९५४ सालीं या मौनाचा भंग झाला. आणि तो कोणा सरकारनें केला नाहीं, माणसांनीं केला. त्या सालच्या जुलै महिन्याच्या अखेरच्या पंधरवड्यांत दादरा, नंतर नरोली, आणि ऑगस्टच्या २ तारखेस सिल्वासा हीं ठाणीं स्वयंसेवकांच्या तुकड्यांनीं घेतलीं. त्यांत गोमंतकीय होते, महाराष्ट्रांतील तरुण होते. गायक सुधीर फडके व पुढें शिवशाहीर म्हणून प्रसिद्धीस आलेले बाबासाहेब पुरंदरे हेही त्या मोहिमेंत होते. निरनिराळ्या पक्षांच्या व पंथांच्या मंडळींनीं यांत भाग घेतला. त्यांच्यांत चुरसही होती. पोर्तुगालनें दमणहून या मुलखांकडे आपले अधिकारी व शिपाई पाठविण्याची वाट मागितली. मधला टापू भारताचा. भारत सरकारनें वाट नाकारली. दमणगंगेचें पाणी नगर हवेलींतून दमणपर्यंत कोणास न विचारतां वाहत होतें. परंतु दमणचा गव्हर्नर उलट दिशेनें जाऊं शकत नव्हता.

पोर्तुगालनें मग न्यायालयाचा रस्ता धरिला, आणि त्यांत दाखविलेली चपळाई लक्षांत घेण्यासारखी आहे. १९५५ च्या डिसेंबरच्या १४ तारखेस तो देश संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला, १९ तारखेस त्यानें न्यायालयाचा अधिकार मान्य केल्याचें लिहून दिलें, आणि २२ तारखेस भारतावर फिर्याद गुदरली. ही घाई गैर होय ही भारताची हरकत १९५७ सालीं फेटाळण्यांत आली. पुढें मुख्य सुनावणी झाली. भारताची बाजू त्या वेळचे महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनीं इतर कायदेपंडितांसह मांडिली; मुंबईचे माजी मुख्य न्यायमूर्ति महमदअली छागला हे या खटल्यापुरते भारतातर्फे न्यायासनावर बसले होते.

निकाल तिहेरी लागला. खाजगी माणसें, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांची ने-आण करण्याचा हक्क पोर्तुगालला १९५४ सालीं होता, मात्र तो भारताच्या नियमांस व देखरेखीस अधीन राहून. हें अकरा विरुद्ध चार मतांनीं ठरलें. इंग्रजी अमदानीपासून सवाशें वर्षें अशी ये-जा बिनतक्रार चालली होती, आणि एवढ्या दीर्घ वहिवाटीनें दोन राज्यांपुरताही रिवाज कायद्याच्या योग्यतेस चढूं शकतो, असें न्यायालयानें म्हटलें. सशस्त्र सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा नेण्याचा हक्क पोर्तुगालला नव्हता. हें आठ विरुद्ध सात, म्हणजे अवघ्या एका मतानें ठरलें. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहांतच, ठराविक कारणांखेरीज किंवा रीतसर मागणीवांचून एकाच्या फौजेनें दुसऱ्याच्या हद्दींत शिरूं नये, असें कलम होतें. आणि शेवटीं, दादऱ्यांतील उलथापालथीमुळें वातावरण तापलेलें असतां भारतानें वाट बंद केली यांत त्याचा दोष नाहीं, असें नऊ विरुद्ध सहा मतांनीं ठरलें. छागला यांनीं पोर्तुगालला कोणत्याच प्रकारची वाट मिळण्याचा हक्क नव्हता असें विरोधी मत नोंदविलें.

उभय पक्षांनीं या निकालांतून आपापल्या सोयीचें तेवढें उचललें. लिस्बनला आपलें सार्वभौमत्व मान्य झाल्याचें समाधान मिळालें. दिल्लीला आपलें वर्तन निर्दोष ठरल्याचें. परंतु आम्हांस त्या सर्व चर्चेंत एक मोठी उणीव दिसते. बारा हजार रुपये कोणास मिळावयाचे याची चर्चा झाली. ते कोण देत होतें याची झाली नाहीं. वाट कोणाची, याचा निर्णय झाला. त्या वाटेच्या शेवटीं राहणाऱ्यांस कोणाचें राज्य हवें, हा निर्णयाचा विषयच नव्हता. ते बारा हजार वारली, कोकणा, धोडिया, दुबळा अशा गरीब जमातींच्या कष्टांतून निघत. आजही त्या मुलखांतील निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासींची असल्याचें २०११ ची खानेसुमारी सांगते. सरहद्दीच्या अलीकडचा वारली आणि पलीकडचा वारली एकाच वाघदेवास भजत, एकच बोली बोलत, आणि दोघांवरही सावकार-जमीनदारांचा जांच सारखाच होता. १९४५ सालीं गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखालीं उंबरगांव-डहाणूच्या वारल्यांनीं वेठीस नकार दिला. राज्य लिस्बनचें असो कीं लंडनचें, वेठ ही वेठच, हें त्यांस कोणत्याही न्यायालयाच्या आधीं कळलें होतें.

न्यायालयास आम्ही दोष देत नाहीं. न्यायाधीशांपुढें जो प्रश्न ठेविला जातो त्याचेंच उत्तर त्यांनीं द्यावयाचें असतें, आणि दोन राज्यांमधील वादांत रयत ही पक्षकार नसते. परंतु कायद्याची ही मर्यादा म्हणजे न्यायाची मर्यादा नव्हे. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, म्हणजे निकालानंतर आठ महिन्यांनीं, राष्ट्रसंघाच्या आमसभेनें परतंत्र देशांच्या मुक्ततेचा जाहीरनामा मंजूर केला. ८९ राष्ट्रांनीं अनुकूल मत दिलें, विरुद्ध कोणीही दिलें नाहीं, नऊ राष्ट्रें तटस्थ राहिलीं; त्या नवांत पोर्तुगाल होतें. दुसऱ्याच दिवशीं आमसभेनें पोर्तुगालच्या ज्या वसाहतींस परतंत्र ठरविलें त्यांत गोवा व त्याच्या अंगभूत मुलखांचाही समावेश होता. पोर्तुगालनें १९५१ सालीं आपल्या राज्यघटनेंत दुरुस्ती करून वसाहतींस 'समुद्रापलीकडील प्रांत' असें नांव दिलें होतें. नांव पालटल्यानें दास्य पालटत नाहीं, असेंच जगानें त्यास सांगितलें.

येथें एक आक्षेप येईल. लोकांच्या संमतीवर राज्याचा हक्क टेकवूं लागलें तर उद्यां प्रत्येक तालुका वेगळा होऊं पाहील, मग कोणतें राज्य टिकेल? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु ज्या तालुक्यास मत आहे, प्रतिनिधि आहे, कायद्यांत हात आहे, त्याची संमति दररोज घेतली जात असते. संमतीचा वेगळा प्रश्न उद्भवतो तो जेथें ती कधींच घेतलेली नसते तेथें. पोर्तुगीज अमलाखालील वारल्यास लिस्बनच्या कारभारांत कोणता हात होता? दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेचा आहे: जो बळकट त्याचें राज्य, बाकी सर्व वाद पंडितांचे. यास उत्तर इतकेंच कीं, पोर्तुगालनें दावा आणला तो कागद घेऊन, आणि भारतानें उत्तर दिलें तेंही कागदानेंच. बळाचा जयघोष करणाऱ्यांसही शेवटीं हक्काची भाषा बोलावी लागते.

याच संबंधांत फ्रेंचांचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. १९५४ सालच्याच ऑक्टोबरांत पाँडेचरीजवळील कीळूर येथें फ्रेंच वसाहतींतील १७८ लोकप्रतिनिधींची मतें घेण्यांत आलीं. १७० जणांनीं भारतांत सामील होण्याच्या बाजूनें कौल दिला. १ नोव्हेंबरला कारभार भारताच्या हातीं आला. एक गोळी नाहीं, एक फिर्याद नाहीं. फ्रान्सचे कागद पोर्तुगालच्या कागदांहून दुबळे होते म्हणून असें झालें नाहीं. काळ ओळखून लोकांस विचारण्याचें शहाणपण फ्रान्सनें दाखविलें आणि पोर्तुगालनें दाखविलें नाहीं. त्याचें फळ म्हणून १९६१ च्या डिसेंबरांत गोवा, दमण व दीव येथें भारतीय सैन्य गेलें. पोर्तुगालनें या सर्व प्रदेशांवरील भारताचें सार्वभौमत्व मान्य केलें तें १९७४ च्या डिसेंबरच्या अखेरीस, स्वतःच्या देशांतील हुकूमशाही कोसळल्यावर. जी गोष्ट वीस वर्षें आधीं सन्मानानें करतां आली असती ती अशी करावी लागली.

परंतु दुसऱ्याचे दोष मोजून थांबणें आम्हांस उचित वाटत नाहीं. लोकेच्छेच्या नांवानें ज्यानें दावा जिंकला, त्याच्यावर लोकेच्छेचें ऋण इतरांहून अधिक असतें. तें ऋण आम्हीं कितपत फेडिलें? १९५४ पासून सात वर्षें या मुलखाचा कारभार वरिष्ठ पंचायत नांवाच्या मंडळाच्या विचारानें चालला. १९६१ च्या जूनच्या १२ तारखेस त्या पंचायतीनें भारतांत विलीन होण्याचा ठराव एकमतानें केला, आणि ११ ऑगस्टपासून राज्यघटनेच्या दहाव्या दुरुस्तीनें तो मुलूख भारताचा झाला. येथवर सर्व यथायोग्य. पुढें १९६७ च्या जानेवारींत गोव्याच्या जनतेस, महाराष्ट्रांत विलीन व्हावयाचें कीं वेगळें राहावयाचें, असा प्रश्न सरळ मतदानानें विचारण्यांत आला. १,३८,१७० मतें विलीनीकरणास पडलीं, १,७२,१९१ वेगळें राहण्यास. महाराष्ट्रांतील पुष्कळांस हा कौल रुचला नाहीं. परंतु तो मानला गेला, हेंच त्याचें मोल. १९८७ सालीं गोवा स्वतंत्र घटकराज्य झालें.

त्याच १९८७ सालीं दमण व दीव यांचें मात्र काय झालें? तोंवर गोव्याच्या विधानसभेंत त्यांची एकेक जागा होती. गोवा राज्य होतांच ती गेली. नगर हवेलीस तर तेवढीही कधीं लाभली नव्हती. २०२० च्या जानेवारींत दादरा-नगर हवेली व दमण-दीव यांचा एकच केंद्रशासित प्रदेश करण्यांत आला. त्यास लोकसभेंत दोन सभासद आहेत, स्थानिक पंचायती व नगरपरिषदा आहेत. परंतु आपल्या घरचे कायदे करणारी, कारभाऱ्यास जाब विचारणारी विधानसभा नाहीं. राज्य चालतें तें दिल्लीहून नेमलेल्या प्रशासकाच्या हातून. ज्या पाँडेचरीनें याच वर्षीं मतदानानें आपला मार्ग निवडला, तिला विधानसभा आहे. ज्या नगर हवेलींत त्याच वर्षीं परकीय अंमल उलथला गेला, तिला नाहीं.

मुलूख लहान, खर्च मोठा, असें समर्थन करण्यांत येतें. खर्चाचा विचार आम्ही त्याज्य मानीत नाहीं. विधानसभा नको असेल तर अधिकार असलेलें निर्वाचित मंडळ द्या. तेंही नको असेल तर शेजारच्या राज्यांत जावयाचें कीं नाहीं हें तेथील लोकांस विचारा. परंतु त्यांस कांहींच न विचारतां, जसें चाललें आहे तसें चालूं द्यावें हा मार्ग आम्हांस मान्य नाहीं. इंग्रजांच्या मौनानें पोर्तुगीजांच्या हातीं राज्य कसें गेलें, हें आपण वर पाहिलें. आमच्या मौनानें तेथील प्रजेचा हक्क तसाच नकळत लोपूं नये.

सरंजामाचे कागद पुण्यास व लिस्बनला जतन झाले, म्हणून देणाऱ्या-घेणाऱ्यांची बाजू जगास समजली. ज्यांनीं तो वसूल भरला त्यांच्यापाशीं सनद नव्हती, मोहोर नव्हती, वकील नव्हता. त्यांच्यापाशीं आज एक मत आहे. तें लोकसभेच्या दोन जागांपुरतें न राखतां त्यांच्या घरच्या कारभारापर्यंत पोंचविणें, हें १९५४ सालीं हातीं घेतलेल्या कामाचें उरलेलें अर्ध होय. ज्यांनीं पहिलें अर्ध जिवावर उदार होऊन केलें, त्यांच्या स्मरणाचे समारंभ दरवर्षीं ऑगस्टच्या २ तारखेस होतात. पुढील समारंभाच्या आधीं संसदेनें या उरलेल्या अर्धाचा विचार करावा, आणि महाराष्ट्रांतील व गोमंतकांतील सभासदांनीं त्यास प्रथम वाचा फोडावी, एवढीच आमची सूचना आहे.